फुकट मिळालेलं आणि स्वस्त झालेलं : मराठी ख्रिस्ती लेखनातली कृपा



हुपरीत येऊन चांदीवर बोलायचं म्हणजे आईजवळ आजोळच्या गोष्टी सांगण्यासारखं आहे. तरी सुरुवात चांदीपासूनच करतो, कारण आजच्या विषयाची एक जुनी गोष्ट चांदीचीच आहे आणि ती तपासून घ्यायला याहून चांगलं गाव आम्हाला मिळणार नाही.

ख्रिस्ती उपासनांत ही गोष्ट तुमच्यापैकी काहींनी ऐकली असेल. एक बाई चांदी शुद्ध करणाऱ्याकडे जाते आणि विचारते, चांदी शुद्ध झाली हे तुम्हाला कळतं कसं? तो म्हणतो, तिच्यात माझा चेहरा दिसायला लागला की कळतं. मग पाळक सांगतात, देवही तसाच आपल्याला भट्टीत धरून बसलाय, त्याचा चेहरा आपल्यात दिसेपर्यंत. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. आम्हीही ही गोष्ट दोन-तीनदा सांगितलेली आहे, लपवत नाही.

एकदा अशाच एका सभेनंतर भट्टीवर आयुष्य काढलेले एक कारागीर आम्हाला म्हणाले, "साहेब, चेहरा बघून चांदी कोण घेत नाही. टंच काढत्यात." आम्ही हसलो. घरी जाताना मात्र हसू गेलं. त्या जुन्या रीतीत तथ्य अजिबात नाही असं नव्हे. शिसं घालून चांदी शुद्ध करताना वरची साय शेवटी निघते आणि धातू एकदम लखलखतो, असा एक क्षण खरंच असतो. पण लखलखाट हा कारागिरासाठी इशारा असतो. पावती टंचाची. चेहऱ्याची गोष्ट आपल्याला आवडते ती तिच्यात टंच नाही म्हणून.

ही गोष्ट जिथून निघाली ते मलाखी संदेष्ट्याचं पुस्तक उघडून बघा. जुन्या करारातलं शेवटचं, चारच अध्यायांचं. तिसऱ्या अध्यायात देव चांदी शुद्ध करणाऱ्यासारखा बसेल असं म्हटलंय. कुणाला शुद्ध करायला? परक्यांना, मूर्तिपूजकांना, गावाबाहेरच्यांना? नाही. लेवीच्या मुलांना, म्हणजे मंदिरातल्या याजकांना. जे रोज वेदीपाशी उभे राहतात त्यांना. कारण पहिल्याच अध्यायात त्यांचा गुन्हा सांगितलाय: आंधळं, लंगडं, आजारी जनावर देवापुढे आणायचं आणि वर आपलं काय चुकलं असं विचारायचं. संदेष्टा विचारतो, असलं जनावर तुमच्या सुभेदाराला नेऊन दिलंत तर तो खूश होईल का? देव आपलाच आहे, तो काही म्हणणार नाही, ही त्यांची खात्री होती. भट्टी त्या खात्रीसाठी पेटवलेली आहे. आणि भट्टीच्या वचनानंतर दोनच वचनांनी काय येतं, ते चेहऱ्याच्या गोष्टीत कधीच सांगितलं जात नाही. ज्यांच्याविरुद्ध देव साक्ष द्यायला उभा राहणार आहे त्यांची तिथे यादी आहे, आणि मजुराची मजुरी बुडवणारे, विधवेला आणि अनाथाला नाडणारे तिच्यात आहेत. टंच काढायची जागा ती.

आता 'कृपा' या शब्दाकडे येऊ. मराठीत हा शब्द ख्रिस्ती धर्माबरोबर आलेला नाही, तो आधीपासून घरातला. पत्रात लिहायचो, ईश्वरकृपेने सर्व कुशल. कुणी विचारलं, धंदा कसा काय? तर, देवाची कृपा आहे. आणि आता तर प्रत्येक कचेरीच्या भिंतीवर 'कृपया रांगेत उभे राहा', 'कृपया थुंकू नये'. इतका वापरलेला शब्द गुळगुळीत होणारच. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर 1852 साली कोल्हापुरात आले. तेव्हापासून या भागातल्या मंडळ्यांनी हाच शब्द उचलला, आणि दुसरा कुठला उचलणार होत्या? पण शब्दाबरोबर त्याची सवयही आली. पिढ्या गेल्या. आज ज्याचे पणजोबा ख्रिस्ती झाले त्याला विचारलं तर तो म्हणतो, आमचा बाप्तिस्मा झालाय, आम्ही कृपेखाली आहोत. 'कृपेखाली' असं, जसं पत्र्याखाली उभं राहावं. पाऊस लागत नाही, काम झालं.

पण मराठीतच कृपेचा दुसरा, कडक अर्थही जिवंत आहे. तो आपल्या शेजारच्या माळकऱ्याकडे बघा. त्यानं तुळशीची माळ घातली की मांस सुटलं, दारू सुटली, एकादशी आली, वारी आली. त्याला विचारा, हे पथ्य पाळून तू विठ्ठलाची कृपा विकत घेतोस का? तो कानावर हात ठेवेल. मग पथ्य सोडून नुसती माळ ठेवलीस तर? तेही त्याला हसण्यासारखं वाटेल. माळ फुकट आहे. पण माळ घातलेला माणूस आधीसारखा राहत नाही. नारायण वामन टिळक म्हणायचे की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. या वाक्याचा आम्हा ख्रिस्ती लोकांना फार अभिमान. पुलावरून येताना पलीकडच्या काठाची ही शिस्त आपण बरोबर आणली का, एवढं मात्र आपण विचारत नाही.

जर्मनीत डिट्रिख बोनहोफर यांनी 1937 साली शिष्यत्वावर पुस्तक लिहिलं आणि 'स्वस्त कृपा' हा शब्दप्रयोग जगभर गेला. पश्चात्तापाशिवाय क्षमा, शिष्यपणाशिवाय बाप्तिस्मा, असलं जे चर्चमधून वाटलं जातं ते स्वस्त. हे लिहिणाऱ्याला नाझींनी 1945 च्या एप्रिलमध्ये फासावर दिलं, म्हणून त्या शब्दाला वजन आहे. हल्ली मात्र 'स्वस्त कृपा' हा शब्दसुद्धा प्रवचनांत स्वस्त झालाय. एकदा उच्चारला की आपण बोनहोफरांच्या बाजूचे ठरतो, करायचं काहीच उरत नाही. आम्हाला मराठीतला भेद जास्त उपयोगी वाटतो: फुकट आणि स्वस्त. आईचं दूध फुकट असतं. त्याला स्वस्त कुणी म्हणत नाही.

हा भेद मराठी ख्रिस्ती लेखनात कोण पाळतं? दोन बायका पाळतात. आणि एका पुरुषाबद्दल आम्हाला थोडं भांडायचं आहे.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडात, वाँटेजला, 29 सप्टेंबर 1883 ला झाला. 1889 साली मुंबईत त्यांनी शारदा सदन सुरू केलं. ख्रिस्ती जगात नाव झालेलं, काम उभं राहिलेलं. आणि ही बाई 1907 साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत सांगते की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी आपल्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळालाय, ख्रिस्त मिळालेला नाही. विचार करा, हे कोण लिहितंय. जिला सगळेजण आधीच पोचलेली समजत होते ती. लोकांनी दिलेलं प्रमाणपत्र तिनं स्वतः परत केलं. साक्षींचं साहित्य मराठी मंडळ्यांत भरपूर आहे. बहुतेकांचा आराखडा ठरलेला: मी अंधारात होतो, मग उजेड पडला, आमेन. रमाबाईंच्या साक्षीत अंधार उजेडानंतरही शिल्लक आहे, बाप्तिस्म्याच्या दाखल्याच्या आत आहे. म्हणून ती साक्ष आजही अस्वस्थ करते.

आणि पुढे काय झालं तेही बघा. कृपा फुकट आहे हे कळल्यावर बाई निवांत बसल्या नाहीत. दुष्काळाच्या वर्षांत मध्य प्रांतापर्यंत जाऊन मुली आणल्या, केडगावला मुक्ती सदन वाढवलं, हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राच्या सोप्या मराठी भाषांतराला बसल्या, ते 1922 साली मरेपर्यंत. पुण्य कमवायला एवढं केलं म्हणावं तर त्यांची साक्षच ते नाकारते. पुण्य कमवायची गरज संपल्यावर जे काम उरतं, ते हे.

लक्ष्मीबाई टिळकांचं वेगळं. 'स्मृतिचित्रे' 1934 ते 1937 या काळात चार भागांत निघालं, शेवटचा भाग त्या गेल्यावर. हे पुस्तक तुम्ही शाळेत एखाद्या धड्यापुरतं वाचलं असेल आणि हसला असाल. हसायलाच पाहिजे. पण कृपेवरचं मराठीतलं सगळ्यात खरं पुस्तक कुठलं असं आम्हाला विचाराल तर आम्ही याचं नाव घेऊ, आणि त्यात सिद्धान्त सांगण्याच्या वाटेला बाई फारशा जातच नाहीत.

टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत झाला. त्या दिवसानं लक्ष्मीबाईंचं घर मोडलं. नवरा जिवंत, आणि तरी संसार नाही. पुढे नवऱ्याजवळ आल्या तरी स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं, सोवळं पक्कं. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा 1900 साली, म्हणजे मध्ये पाचेक वर्षं. ही पाच वर्षं पुस्तकाचा गाभा आहेत. या काळात कुणी त्यांना देवाची कृपा समजावून सांगितली आणि त्यांनी मान डोलावली असं झालेलं नाही. आधी हातातलं सोवळं सुटलं. माणसानं माणसाला शिवू नये हे देवानं नव्हे, माणसानं ठरवलंय, हे आतून पटलं. मग कुणाच्याही हातचं पाणी प्यायला घसा तयार झाला. मग बाप्तिस्मा. आपल्या मंडळ्यांत हा क्रम उलटा लागलाय. बाप्तिस्मा आधी, तोही पाळण्यातला, आणि कुणाच्या हातचं पाणी चालतं हा प्रश्न लग्न जमवायच्या वेळेला परत उगवतो. जातीचं नाव घ्यायचं नाही, पण 'आपल्यातलं स्थळ' बघायचं. मंडळीत बसलेल्यांना आम्ही काय म्हणतोय ते बरोबर कळतंय.

लक्ष्मीबाईंच्या लेखनाची ताकद अशी की मिळालेल्या गोष्टीवर त्या कुठेही मालकी सांगत नाहीत. आपण किती मोठा त्याग केला हे त्यांच्या सुरात नाही. अजून आश्चर्य वाटत असल्यासारख्या त्या लिहितात, स्वतःच्या हट्टावर हसत. कृपेला गृहीत धरणाऱ्या माणसाला स्वतःवर हसता येत नाही, हे आमचं निरीक्षण. तो फार गंभीर असतो.

आता टिळकांशी भांडण. 1917 साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभा केला. बाप्तिस्मा झालेले, न झालेले, सगळे ख्रिस्ताचे शिष्य एकत्र, असा त्यांचा बेत. 9 मे 1919 ला ते गेले, म्हणजे दोन वर्षंसुद्धा धड मिळाली नाहीत. या निर्णयाचं कौतुक आम्ही लहानपणापासून ऐकत आलो: पगारावर नाही, देवावर भिस्त. खरंय. पगारी धर्मोपदेशकानं कृपेवर बोलायचं आणि महिन्याच्या एक तारखेला मिशनकडे बघायचं, यातली विसंगती टिळकांना टोचली. ती टोचणी प्रामाणिक होती. आजच्या किती जणांना टोचते?

पण 'स्मृतिचित्रे' वाचताना दुसरी बाजू दिसते. टिळक हातात आलेलं देऊन टाकणारे. कुणीही यावं, घरात राहावं. दुष्काळातली पोरं आणावीत. देव पुरवील, हा त्यांचा विश्वास. आणि पुरवत कोण होतं? चूल फुंकणारी लक्ष्मीबाई. डब्यात पीठ किती आहे हे तिला माहीत, त्यांना नाही. ती हे तक्रार म्हणून लिहीत नाही, विनोद म्हणून लिहिते, म्हणून आपण तिथून हसत पुढे सरकतो. आमचं म्हणणं असं की टीकाकारानं तिथे थांबायला हवं. एकाचा देवाच्या कृपेवरचा विश्वास पुष्कळदा दुसऱ्याच्या कष्टावर उभा असतो, आणि त्या दुसऱ्याला कुणी विचारलेलं नसतं. टिळक मोठे कवी, मोठे भक्त. तरी त्यांच्या भक्तीचा हिशोब घरातल्या डब्यांत मांडलेला आहे, आणि तो लिहून ठेवला बायकोनं. त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं, तेही पुढे चालवलं तिनंच.

टिळकांना कमी लेखायला आम्ही हे म्हणत नाही. या विषयाकडे आम्ही वळलो ते एका प्रसंगामुळे, आणि तो सांगायला हा धागा हवा होता.

आमच्या माहितीतली एक मंडळी. गावाचं नाव नको. तिथे बायकांनी बचतीचे पैसे एका पंचाकडे ठेवलेले. पैसे गेले. कुठे गेले, कसे गेले, त्यात पडत नाही. एका रविवारी तो माणूस पुढे आला, रडला, पाप कबूल केलं. पाळकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, सगळ्यांनी उभं राहून गीत म्हटलं. आम्ही दुसऱ्या बाकावर होतो, आमचेही डोळे ओले झाले. उपासना संपल्यावर एक विधवा बाई पुढे आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मग माझे पैसे?" त्यांना उत्तर मिळालं ते शास्त्रातलं. दयाहीन चाकराचा दाखला. ताई, देवानं तुमचे 10,000 तालांत सोडले, तुम्हाला 100 दीनार सोडवत नाहीत? आम्ही मान डोलावली. हे आम्ही केलं.

तो दाखला नंतर घरी नीट वाचला. मत्तय, अठरावा अध्याय. हुपरीत आहोत तर वजनातच बोलू. दीनार म्हणजे रोमी चांदीचं नाणं, येशूच्या काळात चार ग्रॅमला थोडं कमी, मजुराचा एक दिवसाचा रोज. एक तालांत म्हणजे साधारण 6,000 दीनार. तेव्हा 10,000 तालांत म्हणजे 6 कोटी दीनार, दोन लाख किलोच्या वर चांदी. इथल्या कुठल्या एका घरानं कितीही पिढ्या पैंजण केले तरी एवढी चांदी हाताखालून जाईल का, तुम्हीच सांगा. आणि 100 दीनार? चारशे ग्रॅमच्या आत. भरीव पैंजणांचे एक-दोन जोड. म्हणजे प्रमाण 6 लाखास एक.

पण दाखल्यात 100 दीनारांसाठी गळा कोण धरतो? ज्याला मोठी सूट मिळालेली आहे तो. आणि धरतो त्याच्यासारख्याच एका चाकराचा, जो त्या क्षणी त्याच्या मुठीत आहे. सूट मिळाल्यावर माणूस दुबळ्याशी कसा वागतो, यावर दाखला बोट ठेवतो. आमच्या मंडळीत सूट मिळालेला तो पंच होता. बाई कुणाचा गळा धरत नव्हत्या, त्यांनी हळूच विचारलं होतं. दाखला उलटा करून त्यांच्याच गळ्यावर ठेवला गेला. आणि शेवट? राजा सूट मागे घेतो. दिलेली माफी रद्द होते. हा शेवट आम्ही कितीतरी प्रवचनांत ऐकलेला नाही, ऐकला तर घाईघाईनं. फुकट मिळालेली माफी रद्द कशी होईल, असा प्रश्न ईश्वरविद्येची पुस्तकं घालतात आणि त्यावर पानंच्या पानं लिहितात. लिहोत. मत्तयानं ते वाक्य लिहून ठेवलंय, आपण काही ते पुसू शकत नाही. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात जक्कय उभा राहून सांगतो, फसवून घेतलेलं चौपट परत करीन. तारण आज या घरात आलं, असं येशू म्हणतो ते हे ऐकल्यावर. चौपट देऊन तारण विकत मिळालं, असं कुणी वाचत नाही. तारण आलं म्हणून पैशाची पिशवी सुटली, असं वाचायला काय अडचण आहे?

बऱ्याच महिन्यांनी आम्ही त्या बाईंकडे गेलो. माफी मागायला म्हणून गेलो होतो, पण बराच वेळ हवापाण्यावरच बोलत बसलो. त्यांनी चहा केला. मग आम्ही विषय काढला, तर फळीवरची वही काढून त्यांनी पुढे ठेवली, दर आठवड्याच्या रकमा आणि समोर पंचाची सही. आम्ही काही बोलायच्या आत म्हणाल्या, "सोडीन की मी. न सोडायला काय झालं? पर सोडा म्हणून सांगायला त्येनं माझ्या दारात यायला पायजे हुतं का न्हाई? देवाच्या दारात जाऊन आला, माझं दार काय लांब हुतं व्हय?"

तो माणूस अजून त्यांच्या दारात गेलेला नाही. पंच मात्र पुन्हा झालाय.